मोल हवाच कशाला? वजनात मोजून भागत नाही का?

निवांत:
काल रात्री मुलीने केमिस्ट्रीचं एक गणित आणलं आणि माझी दांडी गुल झाली. गणित असं, १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया झाली तर पाणी किती ग्रॅम तयार होईल. मी चहूबाजूंनी विचार वगैरे काही न करता सांगून मोकळा झालो, ७४. द्रव्य अक्षय्यतेचा नियम, जेवढं वजन आत तेवढंच बाहेर, एवढं तर अजून लक्षात आहे राव. तिनेही स्वतः ७४च काढलं होतं. पुस्तकाच्या मागे उत्तर ७२. मग आम्ही दोघांनी मिळून छपाईची चूक आहे असा निकाल दिला आणि झोपलो.

सकाळी उठल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. पुस्तक उघडून बघितलं तर धडा मोलचा. व्याख्या वाचली, ६.०२२ × १०^२३ कण म्हणजे एक मोल. बरं मग? तराजू ग्रॅम दाखवतो, बाटलीवर ग्रॅम लिहिलेले असतात, उत्तर पण ग्रॅममध्येच द्यायचंय, तर मधे हा मोल घुसडायची गरज काय? ग्रॅममधून मोलमध्ये जा, मोलमधून परत ग्रॅममध्ये या, हा उगाच द्राविडी प्राणायाम नाही का? मी कॉमर्सवाला आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. पण "असंच असतं, पाठ कर" हे उत्तर मला पोरीला द्यायचं नाहीये.

भिंगरी:
पहिली!! खुर्ची टाकून बसलेय.
मोल ठाऊक नसलेल्यांना आम्ही कवडीमोल म्हणतो. (कवडीमोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कवड्या, चुकत असेन तर सांगा.)

पांढरा खडू:
निवांत, तुमची मुलगी हुशार आहे, कारण ७४ हे उत्तर मूर्खपणाचं नाहीच मुळी. वर्गात निम्मी मुलं हेच उत्तर देतात आणि ज्यांना द्रव्य अक्षय्यता नीट कळलेली असते तीच देतात. चूक एवढीच की सगळंच्या सगळं संपतं असं तुम्ही धरून चाललात.

एक बोल्ट आणि दोन नट असा सेट करायचाय समजा. बोल्ट २० ग्रॅमचा, नट ५ ग्रॅमचा. मी तुम्हाला एक किलो बोल्ट आणि एक किलो नट दिले. सेट किती होतील? वजनाकडे बघून काही सांगता येतंय का? नाही. आधी नग काढावे लागतात. एक किलो बोल्ट म्हणजे ५० नग, एक किलो नट म्हणजे २०० नग. ५० सेट झाले, १०० नट उरले. वजन सारखं होतं पण संख्या सारखी नव्हती, आणि जोड्या संख्येने लागतात, वजनाने लागत नाहीत.

अणूंचं तेच. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू. ही ऑर्डर नगांची आहे. आणि हातात आहे काय, तर तराजू. मोल म्हणजे वजनावरून नग काढायची सोय, बाकी काही नाही. गणित मी इथे सोडवून देत नाही, मुलीला आता परत करायला सांगा.

शून्य अंश:
+१. बँकेत नाण्यांची पिशवी वजन करून मोजतात तसं.

निवांत:
खडू सर, नट-बोल्ट झकास. पण मग नग काढायचे तर सरळ नग काढा ना. १०^२३ चा घोळ कशाला? आणि ६.०२२च का, सरळ १ घेतला असता, १०^२४ घ्यायचा, हिशोब सोपा.

चांदणचुरा:
निवांत, हा प्रश्न फार सुंदर आहे, कारण इतिहास नेमका उलटा झालाय. आधी तो आकडा आला आणि मग मोल आला असं नाहीये. लोक मोलने (तेव्हा ग्रॅम-रेणू म्हणायचे) कितीतरी वर्षं हिशोब करत होते आणि त्यात नग किती हे कुणालाही माहीत नव्हतं! ज्याच्या नावाने तो अंक ओळखला जातो त्या अॅव्होगॅड्रोलाही नाही. त्याने १८११ मध्ये एवढंच मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणू सारखे असतात. किती असतात यावर अवाक्षर नाही. बाय द वे माणूस शिकलेला होता कायदा.

म्हणजे बघा, २ ग्रॅम हायड्रोजनमध्ये जेवढे रेणू तेवढेच ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये, एवढं कळलं तरी सगळी गणितं सुटतात. तेवढे म्हणजे किती, हे नाही कळलं तरी चालतं. ग्रॅम हे एकक आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे जो आकडा निघायचा तो निघाला, ६.०२२. आपण निवडलेला नाही, पदरात पडलाय.

आणि तुमचा मूळ प्रश्न, की वजनात भागत नाही का, तर पन्नास वर्षं जगाने भागवून बघितलंय. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन, हे वजन करून कळत होतं. पण ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड की १६ पट? अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने सोपं म्हणून धरलं की पाण्यात दोघांचा एकेक अणू, त्यामुळे त्याचा ऑक्सिजन निम्म्या वजनाचा निघाला. दोन हायड्रोजन धरले की १६ येतात. नग माहीत नसतील तर दोन्ही उत्तरं वजनाच्या कसोटीला उतरतात. एकाच संयुगाची चार जण चार सूत्रं लिहायचे अशी परिस्थिती. शेवटी १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला परिषद भरली, तिथे इटलीच्या कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाने अॅव्होगॅड्रोचं म्हणणं धरून अणुभार (अणूंची तुलनात्मक वजनं) कसे काढायचे ते मांडलं आणि त्याची पुस्तिका वाटली गेली, आणि हळूहळू गाडी रुळावर आली. पुढे आवर्त सारणी करणारा मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होता. अॅव्होगॅड्रो बिचारा १८५६ लाच गेलेला.

काचपात्र:
चांदणचुरा, प्रतिसाद आवडला. डाल्टनचा ऑक्सिजन निम्म्या वजनाचा, हे मला नव्हतं माहीत, आणि पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलीत.

भिंगरी:
म्हणजे अॅव्होगॅड्रोला त्याचं मोल जिवंतपणी कळलं नाही आणि लोकांनाही त्याचं मोल कळलं नाही.
(थांबते.)

जुनाट:
आमच्या वेळेला हे मोल-बिल नव्हतं एवढं. नॉर्मॅलिटी होती, म्हणजे त्या अभिक्रियेपुरती द्रावणाची ताकद. एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू, ताकद गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं, विषय संपला. ना समीकरण संतुलित करायची कटकट ना गुणोत्तर. आम्ही डोळे मिटून टायट्रेशन (थेंब थेंब घालून द्रावणाची ताकद मोजणं) करायचो आणि उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायचं. नवीन पोरांना अर्धा तास समीकरणाचे आकडे जुळवत बसावं लागतं. चांगली चाललेली गोष्ट का मोडायची कळत नाही.

काचपात्र:
जुनाट काका, सहमत नाही. नॉर्मॅलिटी सोपी वाटते कारण कठीण काम तिने आधीच पोटात लपवलेलं असतं. पोटॅशियम परमँगनेटचं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण घ्या. आम्लात वापरलं तर एक कण पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे ०.५ नॉर्मल. उदासीन द्रावणात वापरलं तर तीनच घेतो, म्हणजे ०.३ नॉर्मल. बाटली तीच, द्रावण तेच, आणि लेबल मात्र कशासाठी वापरणार त्यावर बदलणार! मी लेबलवर ०.५ लिहून ठेवलं आणि उद्या दुसऱ्याने ती बाटली उचलून दुसऱ्याच अभिक्रियेला वापरली तर? मोलरला हे दुखणं नाही. बाटलीत किती कण आहेत तेवढंच ती सांगते, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

जुनाट:
बाटली उचलणाऱ्याला अक्कल हवी, त्यात नॉर्मॅलिटीचा काय दोष. बाकी मुद्दा पोचला, पण मी बदलणार नाही.

शून्य अंश:
काकांचा बाणा आवडला.

अपूर्णांक:
वर नग मोजणं, नाणी मोजणं असं सगळे म्हणतायत म्हणून लिहितो, नाहीतर वाचनमात्र होतो. मोल म्हणजे मोठा डझन हे शिकवायला ठीक आहे पण तांत्रिकदृष्ट्या तसं नाहीये. डझन ही संख्या आहे. मोल हे एकक आहे, मीटर, सेकंद, किलोग्रॅमच्या पंगतीतलं, १९७१ पासून एसआयचं (आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचं) सातवं मूलभूत एकक. ज्या राशीचं ते एकक आहे तिला मराठीत पदार्थाचं प्रमाण की द्रव्यप्रमाण असं काहीतरी म्हणतात. म्हणूनच अॅव्होगॅड्रो स्थिरांकाला 'प्रति मोल' हे एकक लागतं. नुसती संख्या असती तर एकक लागलंच नसतं.

पांढरा खडू:
अपूर्णांक, मान्य, पण २०१९ नंतर तुमचा मुद्दा जरा पातळ झालाय की नाही? आधीची व्याख्या होती १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू तेवढे कण. म्हणजे मोल किलोग्रॅमच्या शेपटीला बांधलेला. २० मे २०१९ पासून सरळ सांगून टाकलंय की ६.०२२१४०७६ × १०^२३ कण म्हणजे एक मोल, नेमके, पुढे दशांश नाही, चूकभूल नाही. आता ही नगांची मोजणी नाही तर काय आहे? मी वर्गात डझनच सांगणार.

अपूर्णांक:
सांगा हो, माझी हरकत सांगण्याला नाही. पण बदलाचा दुसरा अर्धा भागही सांगा. पूर्वी कार्बन-१२ चा मोलर भार, म्हणजे एका मोलचं वजन, नेमका १२ ग्रॅम होता आणि अॅव्होगॅड्रोचा आकडा प्रयोगाने काढावा लागायचा. आता आकडा नेमका आणि कार्बनचे १२ ग्रॅम प्रयोगाने काढायचे. फरक अब्जात एखाद्या भागाइतका, तेव्हा कुणाच्या गणितात काही हलत नाही, पण तत्त्वतः खुंटी एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीत ठोकलीय.

निवांत:
थांबा थांबा. तो आकडा प्रयोगाने काढला म्हणजे नक्की काय केलं? १०^२३ पर्यंत मोजलं कुणी? सेकंदाला एक मोजला तरी...

शून्य अंश:
सेकंदाला एक मोजला तर एक मोल मोजायला १९ च्या पुढे १५ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाच्या आजच्या वयाच्या साधारण १४ लाख पट. जेवणाची सुट्टी न घेता.

भिंगरी:
आणि मधेच कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून.

चांदणचुरा:
मराठीत म्हणायचं तर साठ लाख परार्ध. आपल्या एकं दहं शतंची गाडी परार्धाला, म्हणजे १०^१७ ला थांबते, आणि हा आकडा तिथून साठ लाख पटींनी पुढे.

मोजला कसा, तर थेट नाहीच मोजता येत, आडवाटेने जावं लागतं. पहिला अंदाज ऑस्ट्रियाच्या लोश्मिटचा, १८६५ सालचा, हवेच्या रेणूचा आकार किती असेल यावरून. मग फ्रान्सचा पेराँ. त्याने झाडाच्या वाळलेल्या चिकाचे अगदी बारीक, एकसारखे गोळे पाण्यात सोडले आणि मायक्रोस्कोपखाली वेगवेगळ्या उंचीवर किती गोळे तरंगतात ते मोजलं. डोंगर चढावा तशी हवा विरळ होत जाते ना, तसेच ते गोळे वर वर विरळ होत जातात, फक्त डोंगराच्या जागी मिलिमीटरचा बारीक तुकडा. किती विरळ होतात त्यावरून आकडा निघतो. १९०९ मध्ये त्यानेच सुचवलं की याला अॅव्होगॅड्रोचं नाव द्या. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्याला.

अपूर्णांक:
आणि माझी आवडती वाट विजेची. एक मोल इलेक्ट्रॉनचा एकूण प्रभार ९६४८५ कूलंब, हे विद्युत विश्लेषणातून कळतं. चांदीचा मुलामा चढवा, वजन करा, किती वीज गेली बघा. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०^-१९ कूलंब, हे मिलिकनच्या तेलाच्या थेंबांच्या धर्तीवर वेगळंच काढता येतं. आता एकाला दुसऱ्याने भागा. कॅल्क्युलेटर घेऊन खरंच भागा, ६.०२२ येतं. चिकाचे गोळे आणि विजेचे प्रयोग, एकमेकांशी संबंध नाही, आणि दोघं बोट दाखवतात एकाच आकड्याकडे. अणू खरोखर असतात यावर शंका घेणारे मोठमोठे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होते, ते अशाच जुळणीने गप्प झाले.

अलीकडचं काम तर देखणं आहे. सिलिकॉन-२८ या एकाच समस्थानिकाचा एक किलोचा जवळपास निर्दोष गोल, व्यास ९४ मिलिमीटरच्या आसपास. स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात, रांगेतलं अंतर क्ष-किरणांनी मोजायचं, गोलाचा व्यास मोजायचा, भागाकार करायचा, अणू मोजून झाले.

निवांत:
मी भागलं. ६.०२२७ आलं, म्हणजे आलंच म्हणायचं. काय सांगू, अंगावर काटा आला. कॉमर्सला गेलो ही चूक झाली बहुतेक.

जुनाट:
१.६०२ घेतलंत म्हणून. १.६०२२ घ्या.

रक्तगट:
उशिरा आले. मोल रोजच्या जगण्यात कुठे लागतो असं कुणी विचारायच्या आत सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्तातलं ग्लुकोज काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात आणि काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. एकाचा ९० म्हणजे दुसऱ्याचा ५. घाबरलेले लोक विचारतात माझी शुगर नव्वदची एकदम पाच कशी झाली. १८ ने भागायचं. हा १८ कुठून आला, तर ग्लुकोजचा रेणुभार (एक मोलचं ग्रॅममधलं वजन) १८०, आणि डेसिलिटरचा लिटर करताना त्याला १० ने भागलं. पाण्याच्या १८ शी काही संबंध नाही, तो योगायोग.

पण निवांत यांच्या प्रश्नाला खरं उत्तर सोडियम-क्लोराइडमध्ये आहे. रक्तात सोडियम साधारण १४० मिलिमोल प्रति लिटर आणि क्लोराइड साधारण १००. म्हणजे सोडियमचे कण जास्त. आता हेच वजनात लिहा. सोडियम १४० गुणिले २३ म्हणजे ३२२० मिलिग्रॅम, क्लोराइड १०० गुणिले ३५.५ म्हणजे ३५५० मिलिग्रॅम. वजनात बघितलं तर क्लोराइड जास्त दिसतो! धन आणि ऋण प्रभारांचा ताळा बघायचा असतो तेव्हा कण मोजायचे असतात, तिथे वजन सरळ सरळ उलटं चित्र दाखवतं.

पांढरा खडू:
हे उदाहरण मी वर्गासाठी उचलतोय, परवानगी गृहीत धरतो.

काचपात्र:
मोलच्या गणितात माणसं फसतात कुठे ते सांगतो, आकडेमोडीत नाही, 'कशाचा मोल' यात. एक मोल ऑक्सिजन म्हटलं की प्रश्न विचारायचा, अणू की रेणू? अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२, आणि कुणी ओझोन म्हणत असेल तर ४८.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीचे पहिले दिवस. कॉपर सल्फेटचं ०.१ मोलर द्रावण एक लिटर करायचं होतं. सूत्रावरून रेणुभार काढला, १५९.६, त्यानुसार १५.९६ ग्रॅम व्यवस्थित वजन केलं, चार दशांश दाखवणाऱ्या तराजूवर, काय तो थाट. समोर छान निळे खडे. आणि निळे खडे आहेत म्हणजे त्यात पाण्याचे पाच रेणू अडकलेत आणि रेणुभार २४९.७ आहे, हे डोक्यातच आलं नाही. कोरडं कॉपर सल्फेट पांढरट असतं. निळा रंग ओरडून सांगत होता. बाटलीवर छापलेलंही होतं. झालं काय, माझं ०.१ मोलर हे खरं तर ०.०६४ मोलर. तीन दिवस सगळी उत्तरं एकाच प्रमाणात चुकत होती आणि मी तराजूला दोष देत होतो. साहेबांनी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आधी बाटलीवरचा रेणुभार वाचतो, मग पेन उचलतो. आणि दुसरी चूक, नवी मुलं ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर पाण्यात टाकतात. एक लिटर पाण्यात टाकायचं नसतं, द्रावण एक लिटर होईल इतकं पाणी घालायचं असतं, मार्कपर्यंत.

शून्य अंश:
ते विरघळताना द्रावण तापतं, आणि गरम असतानाच मार्कपर्यंत भरणारे पण बघितलेत. थंड झाल्यावर पातळी खाली, मग परत भरा, मग वरून ओरडा.

जुनाट:
ऑक्झॅलिक आम्लाचं पण तेच. ९० धरू नका, दोन पाणी धरून १२६. आमच्याकडे नॉर्मॅलिटीत सरळ ६३ पाठ असायचं. बघा, चुकायची सोयच नव्हती.

काचपात्र:
काका, पाठ होतं म्हणून चुकत नव्हता. कळलेलं होतं असं नाही :)

भिंगरी:
प्रश्न: वस्तुमान, मोल आणि रेणुभार यांचा तो त्रिकोण असतो ना, एकावर बोट ठेवायचं आणि उरलेल्या दोघांचं काय करायचं ते दिसतं. माझी अख्खी बारावी त्या त्रिकोणावर निघाली. तो वाईट आहे का?

पांढरा खडू:
वाईट नाही, कुबडी आहे. माझा त्यावर राग यासाठी की बोट ठेवणारी मुलं एकक लिहीत नाहीत. ६४ ग्रॅम भागिले ३२ ग्रॅम प्रति मोल असं पूर्ण लिहिलं की ग्रॅमला ग्रॅम कटतो आणि मोल उरतो, चुकून गुणाकार केला तर 'ग्रॅम वर्ग प्रति मोल' असलं अचाट काहीतरी समोर येतं आणि मुलगा स्वतःच थांबतो. त्रिकोणात बोट चुकीच्या जागी पडलं तर कोण सांगणार?

शून्य अंश:
मला त्रिकोणानेच पास केलंय, त्याच्याविषयी वाईट ऐकून घेणार नाही.

अपूर्णांक:
धागा भरकटलाय. गणिताचं काय झालं? निवांत?

निवांत:
आहे आहे. संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. नट-बोल्ट आधी सांगितले, मग ती म्हणाली बाबा गप्प बसा मी करते. हायड्रोजन १० भागिले २ म्हणजे ५ मोल. ऑक्सिजन ६४ भागिले ३२ म्हणजे २ मोल. २ मोल ऑक्सिजनला हायड्रोजन लागणार ४ मोल, आहेत ५. म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. पाणी ४ मोल, गुणिले १८, ७२ ग्रॅम. आणि १ मोल हायड्रोजन तसाच उरला, २ ग्रॅम. ७२ अधिक २, ७४!! आमचे ७४ कुठेही गेले नव्हते, त्यातले २ ग्रॅम पाणी झाले नव्हते एवढंच. ती केवढी खूश झाली म्हणून सांगू. पुस्तकाची माफी मागितली आम्ही.

आता तिचा प्रश्न, ते २ ग्रॅम गेले कुठे म्हणजे दिसतील कसे? "दोनच ग्रॅम तर आहेत, कळणार पण नाहीत" असं मी म्हणून बसलोय.

काचपात्र:
कळणार नाहीत? उलट तेच आधी दिसतील! ७२ ग्रॅम पाणी म्हणजे ७२ मिलिलिटर, मुठीतल्या छोट्या बाटलीत मावेल. २ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे एक मोल वायू, २२ लिटरच्या वर, मोठी बादली भरून. (घरी करून बघायचं नाही हे, हायड्रोजन-ऑक्सिजनचा भडका साधा नसतो. कागदावरच बघा.)

जुनाट:
२२.४ लिटर. नीट लिहा की.

अपूर्णांक:
२२.७.

जुनाट:
२२.४! आयुष्य गेलं २२.४ मध्ये.

अपूर्णांक:
काका, दोघंही बरोबर आहोत. शून्य अंश सेल्सिअस आणि १ अॅटमॉस्फिअर दाब धरला तर २२.४. आयुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, बार थोडा कमी असतो, म्हणून आकारमान थोडं जास्त, २२.७. आणि खोलीच्या तापमानाला, २५ अंशाला, दोन्ही विसरा, साडेचोवीसच्या आसपास येतं. पुस्तकाने कुठलं तापमान आणि कुठला दाब दिलाय ते बघून आकडा घ्यायचा. नुसतं २२.४ पाठ करून खोलीतल्या वायूला लावणं ही परीक्षेतली सगळ्यात लोकप्रिय चूक आहे.

शून्य अंश:
शून्य अंशावर चर्चा चालू आहे आणि मला कुणी विचारत नाही.

चांदणचुरा:
पाण्याचं एक अवांतर टाकते. १८० मिलिलिटर पाणी घ्या, बरोबर १० मोल. त्यातल्या प्रत्येक रेणूवर खूण केली असं समजा आणि ते समुद्रात ओतलं, आणि सगळे समुद्र अगदी तळापासून ढवळून एकजीव केले. मग कुठूनही तेवढंच पाणी परत उचललं तर त्यात खूण केलेले रेणू किती? मला वाटलं होतं एखादा मिळाला तर नशीब. हिशोब केला तर आठशेच्या आसपास येतात. म्हणजे जगातल्या समुद्रात जितके पेले पाणी आहे त्याच्या आठशे पट रेणू एका पेल्यात.

भिंगरी:
मी हे तीनदा वाचलं. आता पाणी पिताना उगाच दडपण येणार.

रक्तगट:
चांदणचुरा, हे भारी आहे.

पांढरा खडू:
निवांत, मुलीला पुढचं द्या. एकूण ७४ ग्रॅमच आहेत, पण यावेळी काहीही उरता कामा नये, सगळंच्या सगळं पाणी झालं पाहिजे. तर हायड्रोजन किती घ्यायचा?

निवांत:
दिलं. पाच मिनिटांत आली. "दोनाला सोळा म्हणजे एकाला आठ, एकूण नऊ भाग, ७४ भागिले ९, ८.२२ ग्रॅम हायड्रोजन." आणि वर म्हणते, यात मोल लागलाच नाही.

जुनाट:
शाब्बास! वजनातच झालं. मी म्हणत होतो.

चांदणचुरा:
त्या सोळामध्ये मोल लपलाय काका. तो सोळा यायला १८६० उजाडावं लागलं.

पांढरा खडू:
हो-नाही. १ ला ८ हे प्रमाण डाल्टनलाही वजनातून मिळालं असतंच, त्यामुळे या गणितापुरती पोरगी बरोबर आहे आणि मी चुकीचं उदाहरण दिलं. मान्य. मोल वगळायचा कधी हे तिला कळलंय म्हणजे काम झालं.

अपूर्णांक:
किरकोळ दुरुस्ती. हायड्रोजनचा अणुभार १.००८ घेतला तर उत्तर ८.२८ येतं. ८.२२ लिहून दोन दशांशांचा आव आणायचा आणि अणुभार मात्र गोल १ धरायचा हे बरं नाही. सार्थ अंकांवर, म्हणजे उत्तरातले किती अंक भरवशाचे यावर, एक वेगळा धागा काढायला हवा.

निवांत:
तिला वाचून दाखवलं. म्हणते, त्या काकांना सांगा पुस्तकात वर लिहिलंय, हायड्रोजन = १ धरा.